मागे बसणाऱ्याने काय करायचं

रोज सकाळी मी ज्या गाडीने शाळेत जाते ती आमच्या मुख्याध्यापक सरांची आहे. नाशिकहून दिंडोरी, दिंडोरीच्या पुढे आत वळलं की आमच्या शाळेचं गाव. गाडीत आम्ही तिघं. सर चालवतात, शेजारी मी, मागे गणिताच्या बाई. मागे बसलं की मला मळमळतं म्हणून पुढची जागा माझी. त्यामुळे गाडी चालवताना सर काय काय करतात, ते सगळ्यात जवळून मला दिसतं.

सर फोनवर असतात. गप्पा मारत नाहीत, शाळा चालवतात. वरच्या कार्यालयाच्या ग्रुपवर उजाडल्यापासून 'तातडीचे' म्हणून काहीतरी येत राहतं. पोषण आहाराचे आकडे, आधार न जुळलेली मुलं, लावलेल्या झाडांचे फोटो. खाली लिहिलेलं असतं, शाळा भरायच्या आत पाठवा. म्हसरूळ मागे पडलं की सर फोन स्टिअरिंगवर टेकवतात आणि अंगठ्याने उत्तरं द्यायला लागतात. मध्येच विचारतात, "मॅडम, आठवीच्या मुली किती?" मी सांगते. शाळेतले सगळे आकडे मला तोंडपाठ असतात. सांगून झाल्यावर वाटतं, नसतं सांगितलं तर बरं झालं असतं. पण नाही सांगितलं तर ते हजेरीपटाचा फोटो शोधायला लागतील आणि तेवढा वेळ समोर बघणार नाहीत. म्हणून मी आकडे सांगते आणि त्यांच्या वाटचा रस्ताही बघते. समोरून टेम्पो आला की माझा पाय आपोआप दाबला जातो. तिथे ब्रेक नसतो, रबरी मॅट असते. त्या मॅटला आता माझ्या टाचेचा खळगा पडलाय.

या गाडीतून सुटायचे मार्ग मी एकदा कागदावर मांडून पाहिले. पहिली एसटी फार लवकर सुटते, सासूबाईंचं सगळं आवरून ती गाठणं होत नाही. दुसरी फाट्यावर सोडते तेव्हा परिपाठ संपलेला असतो, आणि परिपाठ माझ्याकडे आहे. स्कूटरवर एवढं अंतर कमरेला झेपत नाही. उरली सरांची गाडी. सर पेट्रोलचं काही घेत नाहीत. घेतलं असतं तर तोंड उघडता आलं असतं. शिवाय आमचे गोपनीय अहवाल तेच लिहितात.

गणिताच्या बाई गाडी सुरू झाली की डोळे मिटतात. मी एकदा म्हटलं, "तुमचं बरंय, लगेच झोप लागते."

"झोप कुठली," त्या म्हणाल्या. "बघायला नको म्हणून मिटते."

परिपाठाची शिस्त मी लावलेली आहे. राष्ट्रगीत सुरू व्हायच्या आधी शिपाईमामा गेट लावायचे. उशिरा आलेली मुलं बाहेर उभी राहायची. प्रार्थना, बातम्या, सुविचार सगळं झालं की त्यांना आत घ्यायचं, ओळीत उभं करायचं, आणि एकेकाने सगळ्या शाळेसमोर उशिराचं कारण सांगायचं. ही पद्धत सुरू केल्यापासून उशीर जवळजवळ बंद झाला. पाहुणे अधिकारी आले की सर हे आवर्जून सांगायचे. आमची गाडी तर कधीच उशिरा आलेली नव्हती. सर चालवता चालवता कामं उरकतात, म्हणूनच.

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता परिपत्रक आलं. आठवीच्या मुलांना रस्ता सुरक्षेचे तास घ्या, विशेष भर वाहन चालवताना होणाऱ्या दुर्लक्षावर, मोबाइलवर. सरांनी ते मला गाडीतच वाचून दाखवलं, एक डोळा फोनवर, एक रस्त्यावर. "मॅडम, हे तुमच्याशिवाय कोण करणार," ते म्हणाले, आणि गतिरोधक आला तो त्यांना दिसला नाही. मागून गणिताच्या बाईंचा डबा खाली पडल्याचा आवाज आला.

मी तयारी केली. जे काम अंगावर येतं ते मी नीट करते. मैदानावर फक्कीची लांब रेघ मारून घेतली. एका मुलाच्या हातात माझा फोन दिला आणि सांगितलं, या रेघेवरून चालायचं, आलेला निरोप वाचायचा, उत्तर लिहायचं. तो अर्ध्यावर पोचला तेव्हा खुणेप्रमाणे दुसऱ्याने कडेने रबरी चेंडू सोडला. चेंडू त्याच्या पायावरून उडून पलीकडे गेला. तो तोपर्यंत रेघ सोडून मैदानाकडेच्या निंबाकडे निघाला होता. वर्ग हसून लोळला.

"आत्ता हा चेंडू म्हणजे रस्त्यात आलेलं लहान मूल असतं तर?" मी म्हटलं.

"मॅडम, मूल असतं तर वरडलं असतं ना," तो म्हणाला. "चेंडू कुठं वरडतो."

"हॉर्न तरी मार म्हणावं चेंडूला," मागून कोणीतरी म्हणालं.

मी विचारलं, तुमच्यापैकी गाडी कोण कोण चालवतं. भराभर हात वर गेले. स्कूटी, मोटारसायकल, मळ्यातल्या मळ्यात ट्रॅक्टर. मी वही उघडली तसे हात खाली गेले. मग मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: डोळे रस्त्यावर, दोन्ही हात हँडलवर, फोन बंद. मुलांनी उतरवून घेतलं.

तास संपत आला तेव्हा पहिल्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. मळ्यातल्या वस्तीवरून येणारी, नीटनेटकी, वेण्या घट्ट. तिचे वडील ट्रॅक्टरला ब्लोअर जोडून लोकांच्या द्राक्षबागांना औषध मारून देतात. कामाला निघताना ते तिला मोटारसायकलवर शाळेत सोडतात. वस्तीपासून शाळेपर्यंत दुसरं काही वाहन नाही.

"मॅडम," ती म्हणाली, "मागं बसलेल्यानं काय करायचं?"

घंटा झाली होती. मागे बसणारा माझ्या मुद्द्यांत नव्हता. मी डस्टर उचलत म्हटलं, "मागे बसलेल्याने चालवणाऱ्याला मदत करायची."

ती मान डोलावून खाली बसली.

दिवाळीनंतर आभाळ भरून आलं. आमच्या भागात छाटणीनंतरच्या दिवसांत ढग आले की बागांवर रोग येतो, आणि सगळ्यांना एकाच सकाळी औषध मारायचं असतं. अशा एका सकाळी गावाकडच्या अरुंद रस्त्यावर आमच्या गाडीपुढे एक मोटारसायकल चालली होती. ती मुलगी मला पाठीवरच्या दप्तरावरून ओळखू आली. तिने डावा हात वडिलांच्या खांद्यावरून पुढे घातला होता आणि फोन त्यांच्या कानाशी दाबून धरला होता. उजव्या हातात दुसरा फोन होता, वाजत असलेला, तो ती त्यांच्या डोळ्यांपुढे नेऊन कोणाचा आहे ते दाखवत होती. म्हणजे धरून बसायला तिला हातच नव्हता. दप्तर तिला मागे खेचत होतं. खड्डा आला की ती सीटवरून उचलली जायची आणि पुन्हा बसायची, पण फोन कानावरून हलत नव्हता. वडिलांचे दोन्ही हात हँडलवर होते.

शेजारी सर फोनच्या कडेला तोंड लावून आवाजी निरोप पाठवत होते. मी म्हटलं, "सर." त्यांनी थांबा म्हणून बोट वर केलं. मोटारसायकलचं मागचं चाक आमच्या बॉनेटखाली जाईल इतकं जवळ आलं. मी पुन्हा म्हटलं, "सर, पुढे." तेव्हा त्यांनी ब्रेक दाबला, मग हॉर्न, आणि म्हणाले, "बघा, कशी चालवतात ही लोकं."

हॉर्न ऐकून मुलीने मागे पाहिलं. मला पाहून ती हसली. हात हलवता येत नव्हता म्हणून नुसती हसली. माझा पट्टा छातीवर काचत होता आणि मी मॅटवर पाय रोवून बसले होते. उतरून तिला सांगावं म्हटलं तरी दोन्ही गाड्या पळत होत्या, आणि आपल्या गाडीला थांब म्हणायची माझी हिंमत नव्हती.

मधल्या सुट्टीत मी तिला बोलावलं.

"तू फोन का धरतेस पप्पांचा?"

"तुम्हीच सांगितलं ना मॅडम, मदत करायची. आधी पप्पा मान वाकडी करून, फोन खांद्यात दाबून बोलायचे. नायतर एक हात सोडायचे. आता दोन्ही हात हँडलवर असतात." तिचा चेहरा अभ्यास पूर्ण करून आणलेल्या मुलीचा होता.

मी तिला सगळं परत समजावलं. हात मोकळे असले तरी लक्ष फोनमध्येच असतं. फोन दप्तरात ठेवायचा. वाजला तर तू घ्यायचास आणि सांगायचं, गाडी चालवताहेत, पोचल्यावर करतील. तुझे हात तुला धरायला हवेत.

तिने ऐकून घेतलं. मग विचारलं, "मॅडम, तुमच्या गाडीत सर बोलतात तवा तुम्ही काय करता?"

उद्धटपणा नव्हता त्यात. तिला पद्धत हवी होती.

"तो वेगळा विषय आहे," मी म्हटलं. "जा, डबा खा."

तिने मी सांगितलं तसं केलं. ते मला तिच्या शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीकडून कळलं, कारण ती स्वतः शाळेत यायची बंद झाली. मैत्रीण म्हणाली, "तिनं फोन दप्तरात टाकला, मॅडम. ज्यांचा फोन व्हता त्यांना सांगितलं, पप्पा गाडीवर हाय, मागून करतील. त्यांनी दुसरा ब्लोअर बोलावला. मग दुसऱ्या दिवशीबी तसंच. पप्पा म्हणले, बस घरी."

"घरी म्हणजे किती दिवस?"

मैत्रीण जरा घुटमळली. "ते म्हणले, मॅडमनं शिकवलंय, तर मॅडमनंच न्यायला यावं."

मी गैरहजेरीची नोंद करत राहिले आणि रोज सकाळी तिच्या रिकाम्या जागेसमोर शिकवत राहिले. आठवीत वस्तीवरच्या मुली अशाच सुटतात. आधी थोडे दिवस, मग घरातली कामं वाढतात, मग पुढच्या वर्षी नाव कमी होतं. हे मी पाहिलेलं आहे. या वेळी सुरुवात माझ्या फळ्यापासून झाली होती. घरी भाजी निवडताना, सासूबाईंच्या गोळ्या काढताना तेच. वडिलांना फोन घेऊ नका म्हणावं तर काम जातं. मुलीला फोन धर म्हणावं तर एखाद्या खड्ड्यात मुलगी जाते. कुठूनही गेलं तरी भिंत.

शेवटी सरांना म्हटलं, गृहभेट करू या. पटावरची मुलगी गळतेय म्हटल्यावर सर लगेच तयार झाले. शाळा सुटल्यावर आम्ही तिघं निघालो. वस्तीचा रस्ता कोणालाच माहीत नव्हता. सरांनी चालवता चालवता मुलीच्या वडिलांना फोन लावला.

रस्ता पाटाच्या कडेकडेने जात होता. एका अंगाला उसाचं रान, दुसऱ्या अंगाला पाट, आवर्तन सुटलेलं, पाणी काठोकाठ. मध्ये एकाच गाडीपुरती मातीची वाट. सरांचा एक हात स्टिअरिंगवर, दुसऱ्यात फोन. "हां, पाटावर लागलो. पूल? नाही, पूल नाही दिसला अजून." पाणी माझ्या बाजूला होतं. खिडकीतून खाली पाहिलं तर रस्त्याची कड दिसत नव्हती, नुसतं पाणी दिसत होतं. सगळं अंग आखडून मी बसले होते. मला आठवतं, मी दाराची मूठ धरली होती आणि विचार करत होते की पट्टा आधी सोडायचा की दार आधी उघडायचं. हा क्रम मला माहीत असायला हवा होता. मी तो मुलांनाही शिकवला नव्हता.

वळणावर समोरून उसाची बैलगाडी आली. सरांनी एका हाताने चाक फिरवलं, फोन पडला, गाडी घसरली. पुढचं चाक काठाच्या ओल्या मातीत रुतलं आणि गाडी पाण्याकडे कलून थांबली. बैलगाडीवाला उतरून आधी स्वतःचे बैल बघायला लागला. सीटखालून आवाज येत होता, "हॅलो, सर? दिसला का पूल?"

गणिताच्या बाईंनी डोळे उघडले होते. त्या एवढंच म्हणाल्या, "आता मी इकडच्या दाराने उतरते."

फोन चालूच असल्यामुळे वडिलांनी सगळं ऐकलं होतं. थोड्या वेळात ट्रॅक्टर आला. मागे ब्लोअर तसाच जोडलेला, चाकावरच्या मडगार्डवर ती मुलगी बसलेली. बैलगाडी एव्हाना गेली होती. वडिलांनी ब्लोअर सोडवून ठेवला, साखळी काढली, आमच्या गाडीच्या मागे अडकवली. बुटांना चिखल लागलेले सर उसाच्या कडेला उभे होते.

"सर फोनवर व्हते?" मुलीने वडिलांना विचारलं.

"माझ्याशीच बोलत व्हते," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "मॅडमनंच न्यायला यावं म्हणलो व्हतो मी. पण पाटातून यायला नव्हतं सांगितलं."

ते रागावलेले नव्हते. गाडी बाहेर काढून झाल्यावर साखळी गुंडाळत म्हणाले, "मॅडम, मला काय हौस नाय पोरीला लटकवायची. पण ढग आलं की लोकांना धीर नसतो. फोन नाय घेतला का ते दुसऱ्याला लावतात."

मी म्हटलं, "मग घ्या. फक्त थांबून घ्या. रस्त्याकडेला गाडी लावायची, काय ते बोलायचं, मग निघायचं."

"सकाळचं किती फोन येतात, तुम्हाला ठाव नाय. हरेक फोनला थांबलो तर पोरीला उशीर व्हतो."

"होऊ दे उशीर."

त्यांनी साखळी खाली ठेवली. "उशीर झाला का तुम्हीच गेटच्या भाईर उभी करता. मी पळवतो गाडी, ती कशापायी?"

मुलगी मडगार्डवरूनच म्हणाली, "आणि कारण सांगावं लागतं, सगळ्यांसमोर. मी काय सांगू मॅडम? पप्पा फोनवर व्हते म्हणून?"

त्या वाटेच्या टोकाला माझंच गेट होतं. ते मी लावलं होतं, आणि ते चांगलं चाललं होतं.

"गेट उघडं राहील," मी म्हटलं. "उशीर झाला तर सरळ आत यायचं, रांगेत मागे उभं राहायचं. कारण विचारणार नाही."

सर मागून म्हणाले, "मॅडम, एकीसाठी उघडलं की सगळे उशिरा यायला लागतील."

"येतील, सर."

"मग तुमची शिस्त?"

सरांच्या हातातल्या फोनला चिखल लागला होता आणि तो वाजत होता. त्यांनी तो पुसला, पाहिला, आणि वाजून थांबेपर्यंत हातात धरून ठेवला. परतीच्या वाटेवर पाट संपेपर्यंत तो त्यांनी माझ्याकडे ठेवायला दिला होता. डांबरी रस्ता लागल्यावर परत मागितला.

मुलगी पुढच्या सोमवारी आली. त्यानंतर ती आठवड्यातून बऱ्याचदा उशिराच येते. इतरही काही येतात. त्यातले कोण रस्त्यात थांबल्यामुळे उशिरा येतात आणि कोण झोपल्यामुळे, हे मला कळत नाही, आणि विचारणार नाही असं मी सांगून बसले आहे. परिपाठाची रांग आता मागून विसकटलेली दिसते. मला त्रास होतो. मागच्या तपासणीत शेराही आला.

आमच्या गाडीचं म्हणाल तर निम्मं जमलं आहे. फोन वाजला की मी उचलते आणि सांगते, "सर गाडी चालवताहेत." पहिल्यांदा सांगितलं तेव्हा सरांनी वळून पाहिलं, मग पुन्हा समोर. शिक्षकांचा, पालकांचा फोन असला की चालतं. वरच्या कार्यालयाचा असला की सर नुसता हात पुढे करतात आणि मी फोन देते. अजून देते. कधी ते कडेला थांबतात, कधी नाही. थांबले नाहीत की माझी टाच त्या खळग्यात जाऊन बसते.

या जानेवारीत एका सकाळी ते थांबले. कार्यालयाचाच फोन होता, लांबला. गावात शिरलो तेव्हा आम्हाला उशीर झाला होता, पहिल्यांदाच. शाळेच्या कुंपणापाशी उतरलो आणि आतून राष्ट्रगीत सुरू झालं. गेट उघडं होतं. पण राष्ट्रगीत चालू असताना चालत आत जाता येत नाही, जिथे असू तिथे उभं राहायचं. मी रस्त्यातच उभी राहिले, हात सरळ. सर गाडीच्या दारापाशी, गणिताच्या बाई मागे.

तेवढ्यात ती मोटारसायकल आली. वडिलांनी लगेच इंजिन बंद केलं आणि पाय टेकून ताठ उभे राहिले. मुलगी उतरून माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. तिच्या दप्तरात फोन वाजायला लागला. आभाळ ढगाळ होतं. फोन वाजून थांबला आणि पुन्हा वाजायला लागला. वडील समोर बघत होते, जबडा घट्ट. मुलगी हलली नाही. मीही हलले नाही. आतली मुलं शेवटच्या ओळीपर्यंत पोचायची होती, आणि तोपर्यंत कोणालाच काही करता येत नव्हतं.